मदत हवी आहे: एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल नाही म्हणतं, प्रोग्रॅम उघडत नाही

निळीशाई: ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडताना एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल (प्रोग्रॅमला चालायला लागणारी लायब्ररी फाइल) सापडत नाही असं यायचं. आता नुसता ०एक्ससी०००००७बी हा एररचा आकडा येतो. काढून पुन्हा टाकलं, रीस्टार्ट केलं. व्हिज्युअल सी++ आहेच. उद्या काम द्यायचंय, लवकर सांगा.

आडवीरेघ: विंडोज कोणतं? सॉफ्टवेअर ३२ बिट की ६४? आणि मेसेज बदलला तो मधे काय केल्यावर?

खटपट्या: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, एसएफसी /स्कॅननाऊ द्या. डीएलएल दुरुस्त होतात.

आडवीरेघ: ही होणार नाही. एसएफसी विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइली तपासतं. ही फाइल व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलमधून (मायक्रोसॉफ्टचं, प्रोग्रॅमना लागणाऱ्या अशा फाइलींचं पॅकेज) येते.

खटपट्या: तरी चालवायला काय हरकत आहे? फक्त आधी डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ द्या, त्याने विंडोजचा फाइलींचा साठा दुरुस्त होतो. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलतं तोच बिघडला असेल तर दुरुस्ती अर्धवट राहते.

टर्मिनलवाला: लिनक्सवर एलडीडी लावलं की कोणती लायब्ररी नाही ते ओळीने दिसतं. तिकडे या एकदा.

निळीशाई: विंडोज ११, सॉफ्टवेअर ६४ बिट. लिनक्स नको. फाइल मशीनमध्ये होतीच, सर्च केल्यावर सिसवाव६४ मध्ये दिसली. ती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कॉपी केली.

आडवीरेघ: इथेच गोची आहे. ६४ बिट विंडोजवर सिसवाव६४ मध्ये ३२ बिट फाइली असतात आणि सिस्टीम३२ मध्ये ६४ बिट. ६४ बिट प्रोग्रॅममध्ये ३२ बिट डीएलएल लोड होत नाही, म्हणून हा आकडा. विंडोज आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्यामुळे ती कॉपी तिथे असेपर्यंत योग्य पॅकेज टाकूनही हेच येत राहील. कॉपी डिलीट करा, सिसवाव६४ मधल्या मूळ फाइलीला हात लावू नका. इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये व्हिज्युअल सी++ २०१५-२०२२ च्या पुढे एक्स८६ (३२ बिट) आहे की एक्स६४ (६४ बिट)?

निळीशाई: एक्स८६. एकच आहे.

शून्यएक: मग जुनी सगळी व्हिज्युअल सी++ काढा आणि नवं एक टाका. यादी स्वच्छ होईल.

आडवीरेघ: अजिबात काढू नका. २०१५ पासूनची एकाच पॅकेजमध्ये येतात, पण २०१० आणि २०१३ ची वेगळी असतात. ती गेली तर दुसरेच प्रोग्रॅम एमएसव्हीसीआर१०० किंवा एमएसव्हीसीआर१२० मागायला लागतील. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एक्स६४ उतरवून टाका, एक्स८६ राहू द्या. सुट्या डीएलएल देणाऱ्या साइट टाळा. तिथली फाइल कोणी बदललेली आहे का ते कळत नाही. शिवाय एक आणली की पुढचा मेसेज व्हीसीरनटाइम१४० चा, मग व्हीसीरनटाइम१४०_१ चा.

भिंगरी: रेगएसव्हीआर३२ ने रजिस्टर करून बघा.

शून्यएक: ती कमांड कॉम (प्रोग्रॅमांनी एकमेकांचे भाग वापरायची विंडोजची पद्धत) डीएलएलसाठी आहे. या फाइलीत त्यासाठी लागणारं डीएलएलरजिस्टरसर्व्हर हे फंक्शन नाहीच, एन्ट्री पॉइंट मिळाला नाही असं येईल.

निळीशाई: कॉपी काढल्यावर पुन्हा पहिला मेसेज आला. एक्स६४ टाकलं, सॉफ्टवेअर उघडलं. आभार.

खटपट्या: डिझम तरीही चालवून घ्या.

भिंगरी: माझ्याकडे एमएसव्हीसीपी१२० मागतंय. २०१५-२०२२ चं एक्स८६, एक्स६४ दोन्ही आहे.

शून्यएक: त्याला २०१३ चं लागतं. प्रोग्रॅम किती बिटचा ते माहीत नसेल तर त्याचंही दोन्ही टाका.