मामांच्या गोळ्या: कंपनीचा सवलतीचा फॉर्म कुठे मिळतो?

रावपुराकर:
मामांना बारा आठवड्यांचा कोर्स लिहून दिलाय, रोज एक गोळी. केमिस्टने आकडा सांगितला आणि मामी तिथल्या स्टुलावरच बसल्या. परदेशी कंपनी आपल्यासारख्या देशांना हे औषध स्वस्तात देते असं वाचलं. त्याचा फॉर्म कुठे मिळतो? बडोद्यात कुणी भरलाय का? सोमवारी सुरू करायच्यात, लवकर सांगा.

अल्पमती:
कुठल्या गोळ्या? आजार काय? आम्ही पंचांग बघून सांगायचं का?

रावपुराकर:
सोफोसबुविर-वेल्पाटासविर. लिव्हरचं आहे. फॉर्मचं बोला ना.

मंदार_मांडवी:
लिव्हरला भुईआवळा. आमच्या साडूंची कावीळ त्यानेच उतरली.

केमिस्ट्रीकाका:
साडूंची कावीळ आपोआपही उतरली असती. हे औषध हेपटायटिस सीचं. आणि फॉर्म वगैरे काही नसतो हो. हे औषध काढणाऱ्या गिलियड या अमेरिकन कंपनीने २०१४ साली भारतीय कंपन्यांना सोफोसबुविर बनवायचे परवाने दिले, रॉयल्टी घेऊन. म्हणजे सवलत कारखान्यातूनच येते, पेशंटने मागायची नसते. अमेरिकेत याच सोफोसबुविरचा बारा आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरला निघाला होता. केमिस्टने कुठला ब्रँड दाखवला?

पेटंटवाली:
काका, कंपनीची आरती पुरे. परवाना होता ९१ देशांपुरता. ब्राझील, चीन बाहेर, कारण तिथे गिऱ्हाईक मोठं. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये पेटंट ऑफिसने त्यांचा अर्ज फेटाळला, पुढे २०१६ मध्ये मंजूर केला. जुन्या औषधातल्या किरकोळ बदलांना पेटंट नाकारणारं आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) मानेवर नसतं तर इतके उदार झाले असते?

केमिस्ट्रीकाका:
ब्राझीलचं मान्य. पण परवान्यासोबत बनवायची कृतीही दिली होती. नुसत्या कागदावर गोळी बनत नाही, जन्म त्यात गेलाय माझा.

अल्पमती:
तुमचं दुसऱ्या धाग्यावर. रावपुराकर, सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालंय, असं आहे का? हेपटायटिस बी तपासलं का? हृदयाची गोळी चालू आहे? अमिओडॅरोन असेल तर सोफोसबुविरसोबत नाडी धोकादायक मंदावू शकते.

रावपुराकर:
हृदयाची एक आहे, नाव बघून सांगतो. बाकी रिपोर्ट मामींकडे.

सिव्हिलसिस्टर:
विकत कशाला घेताय? २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात हेपटायटिस सीची तपासणी आणि गोळ्या फुकट असतात. सयाजी हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, सगळे रिपोर्ट आणि आधार घेऊन जा. सिऱ्होसिस नसेल तर वेल्पाटासविरऐवजी डॅक्लाटासविर देतील. चिठ्ठीपेक्षा वेगळं नाव दिसलं म्हणून परत फिरू नका.

रावपुराकर:
मामा सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. कंपनीचं काहीच नाही का?

केमिस्ट्रीकाका:
नाही हो!

मंदार_मांडवी:
भुईआवळा आमच्या अंगणात आहे, संध्याकाळी या.

पेटंटवाली:
मंदार, प्लीज.

रावपुराकर:
पट्टीवर कॉर्डारोन एक्स लिहिलंय. हे ते नाही ना?

अल्पमती:
तेच आहे, कॉर्डारोन म्हणजेच अमिओडॅरोन. ती मनाने बंद करू नका आणि नवीनही सुरू करू नका. सोमवारची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा, हृदयाच्या डॉक्टरांनाही.