पहिलीच नोकरी ब्युरोची? नको गं बायांनो

रातपाळी

आमच्या नर्सिंगच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर कुणीतरी ब्युरोची, म्हणजे घरोघरी नर्स पुरवणाऱ्या एजन्सीची, एक पोस्ट ढकलली आहे. मजकूर साधारण असा: 'रिझल्ट लागला की हॉस्पिटलच्या दारात दहा हजारांसाठी उभ्या राहू नका. ब्युरोत नाव घाला. एकच पेशंट, एसी खोली, दुपारी डुलकी आणि महिन्याला पंचवीस-तीस हजार हातात. अनुभव काय, कुठेही मिळतो.' खाली अंगठ्यांचा पाऊस. त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून लिहिते आहे.

अनुभव कुठेही मिळत नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तीन वर्षांत तुम्ही स्वतःच्या हाताने, बाजूला कुणी नसताना, किती राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातल्या? खरं सांगा. केसबुकातल्या डिलिव्हऱ्या कुणाच्या वहीतून उतरतात ते आपण सगळ्या जाणतो. अशी मुलगी पहिल्याच महिन्यात ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्यातल्या नळीतून श्वास घेणाऱ्या, पेशंटपाशी रात्रभर एकटी बसणार. दोन वाजता सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरून ८४. कफ ओढायचं सक्शन कॅथेटर आत जाईना. कफाचा बोळा अडकला आहे की ट्यूब सरकली आहे? वॉर्डात तिने हाक मारली की मी धावते, आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) येतो, तातडीच्या औषधांची क्रॅश कार्ट येते. घरात हाक मारली की पेशंटची सून डोळे चोळत येते आणि तिलाच विचारते, 'काय झालं?'

ट्रॅकी राहू द्या, साधं इन्सुलिन घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायल एका मिलीत ४० युनिटच्या, पेनची कार्ट्रिज १०० ची. पेन बिघडलं, घरचे म्हणाले 'सिस्टर, त्यातूनच सिरिंजने ओढून द्या,' आणि हाताशी लाल टोपणाची, म्हणजे ४० ची सिरिंज. वीसच्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिली, ओढलं की आत गेले ५० युनिट. वॉर्डात दुसरी सिस्टर डोस बघते. घरी ही चूक सकाळी कळते, पेशंट उठत नाही तेव्हा.

दोन वर्षं वॉर्ड करा. मेडिसिन, सर्जरी, जमलं तर आयसीयू. मग खुशाल जा, ब्युरोला फोन मीच लावून देते.

ब्रदर_सोलापूर

काय बोलायलाव ताई! इन्सुलिनचं मान्य, शंभर टक्के. पण बाकीचा सगळा लेख 'वॉर्डात मी धावते' ह्या एका वाक्यावर उभा आहे. तुम्ही धावत असाल. माझ्या पहिल्या हॉस्पिटलात नाईटला अख्ख्या मजल्यावर मी आणि एक मावशी. आरएमओ खाली कॅज्युअल्टीत, फोन उचलला तर नशीब. शिकवणार कोण, मावशी? (तिनेच शिकवलं, ते सोडा.) पगार साडेनऊ हजार, त्यातून हॉस्टेलचे कापलेले. ओरिजिनल मार्कशीट त्यांच्या कपाटात. नोकरी सोडतो म्हटलं तर म्हणे बाँडचे पन्नास हजार भर.

२०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने कमिटी नेमली. तिने सांगितलं, ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली पगार नको, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्या. कुठल्या वॉर्डात लावलाय तो कागद? दोन वर्षं वॉर्ड करा म्हणणं सोपं आहे. त्या दोन वर्षांत घरी पैसे पाठवायचे नसले म्हणजे झालं.

मी ब्युरोत गेलो. पहिला पेशंट एएलएसचे (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार) काका. त्यांची टाच लाल झालेली, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, बेडसोअरची सुरुवात, मला दुसऱ्या दिवशी दिसली, कारण बघायला वेळ होता. दर दोन तासांनी कूस बदलायची हे आपण परीक्षेत लिहितो. प्रत्यक्षात करताना मी ते पहिल्यांदा घरात पाहिलं, वॉर्डात नाही.

निवृत्त_मेट्रन

प्रायव्हेट ड्युटी काल जन्मली असं समजून लिहू नका. मुंबईत आमच्या वेळीही मोठ्या हॉस्पिटलांच्या स्पेशल रूममध्ये 'स्पेशल' लागायची, पैसे पेशंट द्यायचा. पण ती जुनी, मुरलेली बाई असायची. सकाळी पास, संध्याकाळी स्पेशल असा प्रकार नव्हता.

कूस बदलण्याचं कौतुक वाचून बरं वाटलं. १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला सांभाळलं, अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्यांची वाहवा केली. पण तिथे एकटी मुलगी नव्हती, अख्खा वॉर्ड होता, एकीने दुसरीला शिकवत आलेला. रातपाळींचा मुद्दा तोच आहे.

ब्रदर_सोलापूर

मॅडम, अरुणावर हल्लाही त्याच हॉस्पिटलात झाला होता. तेव्हा हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित आणि घर म्हणजे धोका, असं कुणी शिकवू नये.

सांगलीकरीण

मी बीएस्सी, थेट होम केअर. रातपाळी ताई म्हणतात ती भीती खरी आहे, पण ती महिन्यातून एखाद्या रात्री. रोजचा ताप वेगळाच. 'सिस्टर, आजींचं सगळं आवरलं ना? मग एवढी मेथी निवडता का?' मेथीनंतर कुकर. कामवाली गावाला गेली की झाडू. नाही म्हटलं की ब्युरोला फोन, 'मुलगी ॲडजस्ट होत नाही.' ब्युरो दुसरी केस देणार, पण देईपर्यंतचे दिवस बिनपगारी. चार वर्षं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी ह्यासाठी केली का?

कोथरूडकर

आता आमचीही ऐका, कारण पैसे आम्ही देतो. आईला पार्किन्सन्स, आता फीडिंग ट्यूबही. ब्युरोला बारा तासांचे चौदाशे मोजतो. त्यात येणारी कधी नर्स, कधी नुसती केअरटेकर, पांढरा ड्रेस दोघींनाही. एक 'नर्स' आईला सपाट झोपवून फीड देत होती. मी खोलीत होतो म्हणून उशा लावून डोकं वर केलं, नाहीतर फुफ्फुसातच जायचं. बाकी वेळ मोबाईल. अशा वेळी मेथी निवडायला सांगितली तर एवढं आभाळ कोसळतं? जेवते तर आमच्याच घरी ना दोन वेळा?

सांगलीकरीण

'जेवते तर आमच्याच घरी.' वाटच बघत होते.

ते जेवण म्हणजे आदल्या रात्रीची भाजी, वेगळ्या ताटात. कपही वेगळा, सिंकखाली ठेवलेला, फिनाइलच्या बाटलीशेजारी. पहिल्या दिवशी त्या घरात मला नावाआधी आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून कप वेगळा झाला. माझ्या हातांनी आजींचं डायपर चालतं, माझ्या हातची मेथी पोटात चालते, माझा कप मात्र त्यांच्या कपाटात चालत नाही. संडास? खाली वॉचमनचा वापरा. रात्री अकराला, चार मजले उतरून, तेवढ्यात पेशंटकडे कोण बघणार?

कोथरूडकर

जात कुणी काढली इथे? मी काढली? तुमचा राग कुणावरचा आणि काढताय कुणावर! कप वेगळा ठेवणं हा इन्फेक्शन कंट्रोलही असू शकतो.

ब्रदर_सोलापूर

इन्फेक्शन कंट्रोल! मग डॉक्टर व्हिजिटला आले की चहा कुठल्या कपात देता ओ?

काडीपेटी

मी पॉपकॉर्न घेऊन आलोय. स्वतःच्या पुड्यातले आहेत, कपाची गरज नाही.

कोथरूडकर

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

निवृत्त_मेट्रन

काय लिहिलं होतं ते मी वाचलं आहे. काढलंत ते बरं केलंत.

सांगलीकरीण, कपावर मी तुझ्या बाजूने आहे. पण मेथीचं पाप थोडं आपलंही. ड्युटीवर गेल्या गेल्या चार्ट मांडायचा. टेम्परेचर, बीपी, इनटेक-आउटपुट, कूस बदलल्याच्या वेळा, औषधं. हातात चार्ट दिसला की कुणी भाजी पुढे करत नाही.

सांगलीकरीण

मॅडम, जुडी चार्टवरच आणून ठेवली होती.

मस्कत_रिटर्न

तुम्ही सगळे मेथीत अडकलात. अहो, अनुभवाच्या पत्राचं बोला! आखातातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती काढून बघा. दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही हॉस्पिटलचा. पत्रावर खाटा किती, वॉर्ड कुठला, सगळं लागतं. ब्युरोच्या लेटरहेडवर 'मिस अमुक आमच्याकडे होत्या' असं लिहून आणलेल्या मुली मी मुलाखतीच्या दारातून परतताना पाहिल्या आहेत. तीन वर्षं पेशंट सांभाळले आणि कागदावर शून्य. जर्मनीचं सध्या फॅड आहे, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी करारही केला. पण तिथे आधी भाषा. बारा तासांची ड्युटी करून 'डेर, डी, दास' घोकायला कोण बसणार?

ब्रदर_सोलापूर

सगळ्यांना मस्कतला जायचंय असं कुणी सांगितलं? माझी आई बार्शीत एकटी असते.

(पत्राचा मुद्दा बरोबर आहे. वर्ष फुकट गेल्यावर कळला मला.)

ब्युरो_पुणे

मी ब्युरो चालवतो, शिव्या खायच्या तयारीनेच आलोय. चौदाशेतले साडेनऊशे मुलीला जातात. उरलेल्यात ऑफिसचं भाडं, ऐन वेळी न आलेल्या मुलीच्या जागी दुसरी, आणि पेशंट गेला की फोन न उचलणारे नातेवाईक. महिन्याचं बिल बुडवून लोक दहाव्याला बोलावतात! ट्रॅकी किंवा बायपॅपच्या (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) केसला मी फ्रेशर पाठवत नाही. सगळ्यांना एका काठीने हाणू नका.

ब्रदर_सोलापूर

तुम्ही नसाल पाठवत. मला पाठवलं होतं. 'बायपॅप येतं का विचारतील, हो म्हण' असं ब्युरोनेच फोनवर पढवलं. मी हो म्हटलं नाही, केस दुसऱ्याला गेली. तो हो म्हणाला. मी पुढे विचारलं नाही काय झालं ते.

रातपाळी

हे वाचलंत ना? हेच म्हणते आहे मी सकाळपासून, आणि ते आता माझ्याशी भांडणाऱ्याच्याच तोंडून आलं. नवीन मुलीला 'नाही' म्हणायचं कळत नाही. काय येत नाही हे कळायलाही वॉर्ड लागतो.

आणि एक गोष्ट राहिलीच. ज्या खोलीला आतून कडी नाही, त्या खोलीत रात्री बावीस वर्षांची मुलगी, घरात दोन पुरुष. ह्यावर त्या पोस्टमध्ये अवाक्षर नाही.

कोर्टाची_पायरी

ह्यावर माहिती म्हणून: लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसाला लागतो असा समज आहे, तो काढून टाका. कामाची जागा म्हणजे राहतं घरही. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रत्येक जिल्ह्यात ती नेमायची असते. पाटी सापडायला वेळ लागेल, चिकाटी ठेवा.

सांगलीकरीण

चिकाटी ठेवू. पगार कोण ठेवेल तोवर?

रातपाळी

ठीक आहे. आता दोन वर्षांवर मी अडून बसत नाही. साडेनऊ हजार आणि कपाटातली मार्कशीट ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते नाही म्हणून मुलींना दोष देणं बरं नाही. पण सहा महिने तरी वॉर्ड करा, आणि ओरिजिनल मागणाऱ्या हॉस्पिटलात पाऊल टाकू नका. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत पिशवीत.

तेही जमत नसेल आणि ब्युरोतच जायचं असेल, तर स्थिर पेशंट घ्या. ट्रॅकी नाही, बायपॅप नाही, चोवीस तास तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी जुन्या सिस्टरबरोबर पूर्ण ड्युटी करा. डॉक्टरच्या सहीचा औषधांचा कागद हातात आल्याशिवाय इंजेक्शनला हात लावू नका, नातेवाइकांनी तोंडी सांगितलेला डोस तर नाहीच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर लाईट गेल्यावर चालणारा सिलिंडर भरलेला आहे का, ते आल्या आल्या बघा, लाईट गेल्यावर नव्हे.

ब्रदर_सोलापूर

सकाळी हेच लिहिलं असतं तर एवढा धागा वाढला नसता. सहा महिने मान्य. साडेनऊ हजारांत मात्र अमान्यच.

कोथरूडकर

थोडं रागात लिहिलं गेलं, ते काढलंही. पण माझा प्रश्न तसाच राहिला. येणारी खरंच नर्स आहे हे ओळखायचं कसं? दर वेळी कॉलेज विचारत बसू का?

निवृत्त_मेट्रन

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन विचारा. जीएनएम, बीएस्सीचं वेगळं, एएनएमचं (त्याहून छोटा कोर्स) वेगळं. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. खरी नर्स रागावत नाही, पर्समधून काढून दाखवते. केअरटेकर आली तर तिला केअरटेकरचंच काम द्या. फीड तिच्याकडून देववून घेऊ नका.

सांगलीकरीण

आणि ब्युरोच्या पावतीवर काय लिहिलंय ते बघा. नर्स की अटेंडंट? पैसे नर्सचे घेऊन अटेंडंट पाठवली असेल तर भांडण तिच्याशी करू नका, ब्युरोशी करा.

ब्युरो_पुणे

आम्ही पावतीवर स्पष्ट लिहितो हो.

कोथरूडकर

आत्ता फाईल काढून बघितली. माझ्या पावत्यांवर नुसतं 'सेवा शुल्क' लिहिलंय. उद्या सकाळी फोन करतो त्यांना.