अमेरिकेचा इतिहास, ऐतिहासिक कादंबऱ्या, साहसकथा: तुम्ही काय वाचलंत?

मंडळी, शिवकाल-पेशवाईवरच्या कादंबऱ्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात, पण अमेरिकेच्या इतिहासावरचं काय आवडलं ते इथे लिहा ना. नुसती नावं नकोत, मनात बसलेला एखादा प्रसंग सांगा.

सुरुवात मीच करते. मायकेल शाराची 'द किलर एंजल्स'. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई, जुलै १८६३. कर्नल चेंबरलेन मूळचा कॉलेजातला प्रोफेसर, त्याच्याकडे दुसऱ्या रेजिमेंटचे बंड केलेले सैनिक आणून सोडतात, ऐकलं नाही तर गोळ्या घाला म्हणून. हा आधी विचारतो यांना जेवायला दिलंय का, आणि मग त्यांच्याशी बोलतो, आणि जवळजवळ सगळे लढायला उभे राहतात. पुढे लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर फळीत भगदाड पडतं तेव्हा ते बुजवायला तो सख्ख्या धाकट्या भावाला पाठवतो. लढाईचे डावपेच कळत नसले तरी वाचा, नकाशे आहेत पुस्तकात.

*

वरच्याला +१. मी मात्र गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ सालचं आत्मचरित्र सांगेन. छोटंसं आहे, दोन बैठकीत होतं. बाल्टिमोरला मालकीण त्याला अक्षरं शिकवायला लागते, मालक ते बंद पाडतो, मग हा पोरगा खिशात पाव घेऊन हिंडतो आणि गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकतो!! जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण ती गुलामी रोजच्या जगण्यात कशी होती ते मला इथे कळलं. दोन्ही पाठोपाठ वाचा असं अगदी कळकळीने सांगते.

*

लॅरी मॅकमर्ट्रीची 'लोनसम डव्ह'. टेक्सासचे दोन म्हातारे माजी रेंजर (सरहद्दीवरचे सशस्त्र शिपाई), गस आणि कॉल, गुरांचा कळप हाकत मोंटानापर्यंत जातात. जाडजूड आहे आणि सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं, पण सोडू नका, त्याच पानांत गस आणि कॉल आपल्या घरातले होऊन जातात आणि पुढे नद्या ओलांडताना जीव टांगणीला लागतो.

*

साहसकथाच हवी तर आल्फ्रेड लान्सिंगचं 'एन्ड्युरन्स'. लेखक अमेरिकन, मोहीम ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टनची, दक्षिण ध्रुवाकडची. १९१५ मध्ये बर्फाने जहाज चिरडलं, २८ माणसं अडकली, शेवटी सहा जण एका उघड्या होडीतून सुमारे ८०० मैल समुद्र कापून मदत आणायला निघाले आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण वाचले. लान्सिंगने त्या लोकांच्या डायऱ्या वाचल्या, हयात असलेल्यांना भेटला, म्हणून कुणाचं कुणाशी पटत नव्हतं इथपर्यंत सगळं येतं त्यात.

*

मुलगी आठवीत आहे, इंग्रजी बरं वाचते, तिला काय देऊ?

*

ताई, एस्थर फोर्ब्सचं 'जॉनी ट्रेमेन' द्या. बोस्टनच्या चांदीकामाच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा, वितळलेल्या चांदीने हात भाजतो, ते काम कायमचं सुटतं आणि तो १७७३ च्या 'बोस्टन टी पार्टी'त, म्हणजे इंग्रजांच्या कराविरुद्ध चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्या प्रकरणात, ओढला जातो. ते आवडलं तर थोड्या वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचं डेव्हिड मॅकलोचं '१७७६' द्या. त्यात हेन्री नॉक्स आहे, बोस्टनचा पंचविशीतला पुस्तकविक्रेता, तोफखाना पुस्तकं वाचून शिकलेला, भर हिवाळ्यात टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यातून बर्फावरून तोफा ओढत आणतो आणि मार्चमध्ये इंग्रजांना बोस्टन सोडायला लागतं. माझ्या भाच्याने तेवढाच भाग आधी वाचला, मग पहिल्यापासून सगळं.