ई-टाइप की जुनी ९११: स्वतः सांभाळायला कोणती बरी?

पानेवाला: १९६१ ला जिनिव्हात आलेली जॅग्वार ई-टाइप देखणी आहे, वाद नाही. पण गाडी स्वतःच्या हाताने चालती ठेवायची असेल तर साठच्या दशकातली पोर्शे ९११ घ्या. ई-टाइपचे मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नाहीत, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअर-पेटीला) खेटून आहेत. चाकाकडचं वजन कमी व्हावं म्हणून ही रचना. पण ब्रेकची धग थेट ऑइल सीलला लागते, सील कडक होऊन गळतं, तेल डिस्कवर येतं आणि मागचा ब्रेक धरेनासा होतो. पॅड खालून बदलता येतात. डिस्कसाठी मात्र डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन धरणारा अख्खा लोखंडी पिंजरा उतरवायचा. क्लच प्लेट बदलायची तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच बाहेर.

सरळसहा: क्लचसाठी ९११ चं इंजिनही उतरवावंच लागतं की!

पानेवाला: लागतं, पण ते चार मुख्य बोल्टवर लटकलेलं आहे. तेल काढा, वायरी, पेट्रोल पाइप, क्लच केबल, ड्राइव्ह शाफ्ट सोडा आणि गिअरबॉक्ससकट जॅकवर खाली घ्या. मागच्या सीटांमधल्या झाकणाखालचा गिअर कपलर (गिअरच्या दांड्याचा जोड) आधी सोडायचा, नेमका तोच विसरतो आणि दांडा अडकून वाकतो.

सरळसहा: आणि ९११ चा चेन टेन्शनर, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा भाग? तो निकामी झाला की चेन सैल पडते, दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ई-टाइपचा पिंजरा एकदा खाली आला की सील, डिस्क, कॅलिपरचे रबर, युनिव्हर्सल जॉइंट, चारही रबरी माउंट एकदमच उरकावेत. मग बरीच वर्षं तिकडे बघावं लागत नाही. टॅपेटचंही, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायच्या फटीचंही, तसंच: इनटेक ०.००४, एक्झॉस्ट ०.००६ इंच. ही फट ठरवणारी शिम (पातळ चकती) बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागतो, मान्य, पण एकदा बसवलेलं माप टिकतं. ९११ ला बारा व्हॉल्व्ह, थंड इंजिनावर ०.१ मिमी, आणि खालच्या सहांपाशी फिलर गेज (फट मोजायची पट्टी) दिसतसुद्धा नाही, बोटांच्या अंदाजाने सरकवायचं. हे दर सर्व्हिसिंगला!

पानेवाला: टेन्शनरवर उपाय आहे. १९८४ च्या कॅरेरा ३.२ पासून इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले. ते जुन्या इंजिनाला बसतात. सोबत चेनची झाकणं आणि तेलाच्या नळ्याही बदलायच्या.

पत्राकाम: दोघेही इंजिनातच अडकलात. या गाड्या मरतात त्या पत्र्याने. ई-टाइपच्या पुढच्या, इंजिन धरणाऱ्या चौकटीच्या चौकोनी नळ्या आतून गंजतात, वरचा रंग मात्र शाबूत असतो. दाराखालचा उंबरठ्याचा पत्रा (सिल) कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून आडवी पट्टी वेल्ड केली नाही तर बॉडी मधून खचते आणि दार पुन्हा बसत नाही. ९११ मध्ये पुढच्या सस्पेन्शनचा तळ आणि बॅटरीखालचा पत्रा आधी तपासा. जस्ताचा मुलामा १९७६ च्या मॉडेलपासून आला, त्याआधीच्या गाडीवर तो नाही. या कामापुढे तुमचा टेन्शनर आणि पिंजरा दोन्ही स्वस्त.

सरळसहा: हे पटलं. तरी नळ्यांची चौकट बोल्टवर आहे, बदलता येते. ९११ चा तळ कापूनच काढावा लागतो.