मेम्ब्रेन क्रोमॅटोग्राफी अखंड चालवायची, तर आधी मॉडेल की आधी मशीन?

फर्मागुडीकर
गोव्यातल्या वेर्ण्याची, कुंडईची ओळख गोळ्या-कॅप्सूलची. उद्या आपल्याकडच्या पोरांना अँटिबॉडीसारख्या जैविक औषधांत काम करायचं असेल, तर शुद्धीकरण शिकावंच लागेल, कारण खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. माझं ठाम मत: अखंड मेम्ब्रेन प्रक्रिया, म्हणजे सच्छिद्र पडद्यावर (मेम्ब्रेनवर) अँटिबॉडी पकडून न थांबता चालणारं शुद्धीकरण, गणिती मॉडेलशिवाय उभी करू नये.

हिशेब बघा. रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या कॉलममध्ये प्रथिनाला मण्याच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांत झिरपत जावं लागतं, म्हणून प्रवाह संथ ठेवतात. रेझिनच्या लिटरमागे ६० ग्रॅम क्षमता, द्रावणात ३ ग्रॅम प्रति लिटर अँटिबॉडी आणि ५ मिनिटांचा निवासकाळ (द्रावण कॉलममध्ये राहण्याचा वेळ) धरला, तर लोडिंगलाच १०० मिनिटं लागतात. मेम्ब्रेनमध्ये प्रवाहच प्रथिनाला बंधनाच्या जागेपर्यंत नेतो. क्षमता ३० ग्रॅम आणि निवासकाळ ६ सेकंद धरा: लोडिंग एका मिनिटात संपतं! दोन-तीन मेम्ब्रेन आळीपाळीने चालवायच्या, पहिलीतून निसटलेलं दुसरीवर पकडायचं, तर कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे अंदाजपंचे ठरवता येत नाही.

वेर्णा-बी-शिफ्ट
दादा, हिशेब बरोबर आहे, पण तोच तुमच्या विरुद्ध जातो. व्हॉल्व्ह फिरून प्रवाह स्थिर व्हायला ३ सेकंद लागले, तर १०० मिनिटांत ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. एका मिनिटात तेच ५ टक्के होतात. तुमच्या मॉडेलमधल्या लँगम्यूर समीकरणात (प्रथिन किती बांधलं जातं ते सांगणाऱ्या) पंप कुठे आहे? नळीतली कोपऱ्यात साचलेली हवा कुठे आहे? मी आधी स्किड (पंप-व्हॉल्व्ह बसवलेला सांगाडा) जोडीन, पाणी सोडीन, मग बोलीन.

आणि दुसरं. मॉडेलला पहिली फेरी आणि शंभरावी फेरी सारखीच दिसते. प्रत्यक्षात पेशींचा डीएनए, लिपिड बसत जातं, दाब चढतो, क्षमता उतरते. मेम्ब्रेनच्या आधी आणि नंतर यूव्ही सेन्सर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून प्रथिन मोजणारे) लावा, दोन्हींतल्या फरकावर व्हॉल्व्ह फिरवा. काम झालं.

ताळगावची विद्यार्थिनी
यूव्हीवर एवढा भरवसा कसा ठेवता? २८० नॅनोमीटरला अँटिबॉडी दिसते तशीच पेशींची बाकीची प्रथिनंही दिसतात. गाळलेल्या कच्च्या द्रावणात ती भरपूर असतात आणि न बांधता सरळ बाहेर पडतात. त्या गर्दीतून थोडीशी निसटलेली अँटिबॉडी ओळखायची, तीही एका मिनिटाच्या खेळात?

पंपाचं मात्र पटलं. म्हणूनच मी मॉडेलची सुरुवात बंधनापासून करत नाही. आधी मेम्ब्रेन काढून फक्त नळ्यांतून ट्रेसर (कुठेही न चिकटणारा, माग काढता येणारा पदार्थ) सोडायचा, मग मेम्ब्रेनसकट, पण काही बांधलं जाणार नाही अशा स्थितीत. बाहेर येणाऱ्या ट्रेसरचा वक्र किती पसरला ते मोजायचं. हे केलं नाही, तर नळ्यांनी केलेलं पसरणं आपण बंधनाच्या माथी मारतो. आकडे छान जुळतात, पण मोठ्या कॅप्सूलवर (मेम्ब्रेन बसवलेल्या बंद डब्यावर) गेलं की सगळं कोसळतं. असं मॉडेल चालवणारं, जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्राचं कॅडेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

फर्मागुडीकर
अगदी! कोसळण्याचं मोठं कारण कॅप्सूलची बांधणी. प्रयोगशाळेतली चकती सपाट, मोठ्या कॅप्सूलमध्ये मेम्ब्रेन गुंडाळलेली. प्रवाह बाहेरून गाभ्याकडे जातो, क्षेत्रफळ घटतं, वेग वाढतो. चकतीसाठी लिहिलेलं समीकरण तसंच उचलून चालत नाही. झोनल रेट मॉडेलमध्ये कॅप्सूलच्या कवचातल्या पोकळीचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा प्रवाह देतात, ते याचसाठी.

वाचक, म्हापसा
नियमांचंही बघा. औषधांच्या अखंड उत्पादनावरचं आयसीएच क्यू१३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतिम झालं. मध्येच गडबड झाली तर नेमका किती माल बाजूला काढायचा, हे निवासकाळाच्या वितरणावरून (मालाचा कुठला भाग आत किती वेळ राहतो यावरून) दाखवता येतं. बी-शिफ्टवाल्यांचा सेन्सर एवढं एकटा सांगणार नाही.

वेर्णा-बी-शिफ्ट
बाय, ट्रेसरचं तुझं खरं. पण माझा शंभराव्या फेरीचा प्रश्न सगळ्यांनी टाळला.

फर्मागुडीकर
टाळला नाही. शंभर फेऱ्यांनंतर ट्रेसर पुन्हा सोडा. वक्र तसाच राहिला आणि क्षमता उतरली, तर बंधनाच्या जागा गेल्या किंवा झाकल्या. वक्रच पसरला, तर प्रवाहाची वाट बिघडली. मॉडेल नसेल तर हे दोन आजार वेगळे ओळखणार कसे?

वेर्णा-बी-शिफ्ट
चालू उत्पादनात ट्रेसर म्हणून अ‍ॅसिटोन सोडू देईल असा क्वालिटीवाला मला अजून भेटायचाय. त्यापेक्षा फेरीतच जास्त मिठाचा वॉश असतो. बफर (धुण्याचं द्रावण) बदलला की कंडक्टिव्हिटीची, म्हणजे विद्युतवाहकतेची, पायरी दर वेळी फुकटात नोंदली जाते; तीच ट्रेसर. ती पायरी फेरीगणिक तपासा आणि मॉडेलचे आकडे तिच्यावरून बदलत ठेवा, तर मी तुमच्या बाजूने. आधी एकदाच बसवून कपाटात ठेवलेलं मॉडेल असेल, तर व्हॉल्व्ह माझ्या सेन्सरवरच फिरेल.