एन्झाइम गेलं, पण वाढतोय कशावर?

‘एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, गेलं की जीवाणूची वाढ खुंटणारच’ असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. माध्यम, म्हणजे जीवाणू ज्यावर वाढवतो ते खाद्य, कोणतं, ते आधी सांगा की! मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचा १६८ हा जगभर वापरला जाणारा वाण मुळातच अधू आहे. १९४७ च्या सुमारास येल विद्यापीठात क्ष-किरणांच्या माऱ्यातून तो मिळाला. त्याच्या एका जनुकातले फक्त तीन बेस (डीएनएची ‘अक्षरं’) गळाले, त्या जनुकाचं एन्झाइम निकामी झालं आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणारी क्रियांची साखळी मधेच तुटली. न्यूट्रियंट ब्रॉथ या पोषक द्रवात मात्र गडी रात्रीत नळी गढूळ करतो, कारण तिथे ट्रिप्टोफॅन आयतं मिळतं.

एमएस्सीला असताना मी त्याला नुसत्या ग्लुकोज आणि क्षारांच्या माध्यमात टाकलं, ट्रिप्टोफॅन घालायचं विसरून. दोन दिवस नळी स्वच्छ, आणि मी आपला इन्क्युबेटरला शिव्या घालतोय.