हिंगणघाटजवळ जिनिंग: हायवेला लागून जागा की तीन किलोमीटर आत?

कापूसकोंड्या:
रोज २०० गाठींची जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) टाकायची आहे. दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. पहिली ४४ नंबरच्या नागपूर-हैदराबाद हायवेला लागून, अडीच एकर, हैदराबादकडे जाताना डाव्या हाताला. दुसरी हायवेपासून तीन किलोमीटर आत गावरस्त्यावर, चार एकर, एकरी भाव पहिलीच्या निम्म्याहून कमी. गाठी बहुतेक तामिळनाडूत जातील, थोड्या मुंबई बंदरावर. हायवेच्या तोंडाचा फायदा नेमका किती धरायचा?

काटावाला:
भाऊ, आधी गाड्या मोजा. गाठ १७० किलोची, म्हणजे २०० गाठींची ३४ टन रुई. उतारा (कापसातून निघणारी रुई) ३४ टक्के धरला तर रोज १,००० क्विंटल कापूस लागते आणि ६४० क्विंटलच्या आसपास सरकी निघते. रुईच्या दहाचाकी ट्रकगाड्या दोन (एकीत १०० गाठी), सरकीच्या चार. जाणाऱ्या गाड्या झाल्या सहा. येणाऱ्या? पिकअप अन् ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून सरासरी २० क्विंटल धरा, पन्नास गाड्या.

हायवे लागतो तो त्या सहांना. पन्नास गाड्या येतात बाजार समितीच्या यार्डातून किंवा थेट गावांतून, आणि लिलाव उरकला की एकदमच येतात. वीस गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या तर दोनशे मीटरची रांग होते. ही रांग गेटच्या आत मावली पाहिजे. हायवेच्या कडेला ती रात्री उभी राहिली, ट्रॉलीला मागचा लाल दिवा नसला, की अपघात ठरलेलाच.

दुसरं, डिव्हायडरचा कट कुठे आहे ते गाडीचं मीटर लावून मोजा. वडनेरकडून, म्हणजे हैदराबादच्या बाजूने येणारी गाडी तुमच्या समोरच्या बाजूने पुढे जाईल आणि कटावरून वळून परत येईल. कट दोन किलोमीटरवर असेल तर चार किलोमीटरचा फेरा. ट्रॅक्टरवाला तो फेरा मारत नाही, उलट्या बाजूने घुसते.

गाड्या तोलायचा वजनकाटा ६० टनी घ्या, प्लॅटफॉर्म १८ बाय ३ मीटर. दोन्ही तोंडांना दहा-बारा मीटर सरळ रस्ता सोडा. गाडी वळणात काट्यावर चढली की प्लॅटफॉर्मला आडवा धक्का बसते आणि लोडसेल (खालचे वजन मोजणारे सेन्सर) बिघडतात.

मुरूमगिट्टी:
अडीच एकराचा नकाशा काढून बघा. राष्ट्रीय महामार्गाला रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही (इमारत रेषा) आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषेच्या अटी लागतात. महामार्गाची हद्द ६० मीटर रुंद असेल तर तुमच्या धुऱ्यापासून (प्लॉटच्या हद्दीपासून) पहिले १० मीटर मोकळे आणि पुढचे ३५ अटींत अडकलेले. प्लॉट उथळ असला तर प्रेस हॉल कुठे बसवाल? सातबारावर जाऊ नका, मोजणी करून घ्या. रुंदीकरणात गेलेला तुकडा कधी कधी सातबारावर तसाच दिसते.

हायवेवर गेट उघडायला महामार्ग खात्याची प्रवेश परवानगी वेगळी लागते. हायवेची नाली बुजवून रॅम्प टाकायचा नाही, खाली पाइप घालावा लागते. नाली बुजली की पहिल्याच पावसात पाणी तुमच्याच आवारात.

जागा कोणतीही घ्या, काळी माती हातभर तरी उपसा. मुरूम एकदम ओतायचा नाही. १५-२० सेंटीमीटरचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. वर गिट्टी. हे टाळलं तर नोव्हेंबरात जमीन वाळून भेगाळते आणि भरलेल्या दहाचाकीचं मागचं चाक भेगेवर बसते.

धुरा_नंबर_९:
आतली जागा घेणार असाल तर रस्त्यावरची पुलिया अन् विजेच्या तारा आधी पाहा. कापसाची पिकअप फळ्यांवर फळ्या चढवून उंच भरलेली असते. लोंबती तार घासली की एका ठिणगीत अख्खी गाडी. आवारावरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर खाली गंजी लावायची नाही. आधी लाइन हलवायचा अर्ज करा, मग सौदा.

कापूसकोंड्या:
आतल्या जागेकडे कल झुकतोय. रस्त्यावर एक पुलिया आहे, तीही मोजतो. पण समृद्धी महामार्ग आता पूर्ण सुरू झाला, त्याचा काही हिशेब धरायचा का?

ताडपत्री:
तुमच्या मालापुरता थोडाच. समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ पासून सुरू आहे, पण तो नागपूर-मुंबई. तुमच्या गाठी दक्षिणेला जाणार. हिंगणघाटहून सेलमपर्यंत ४४ नंबरच, तिथून कोइम्बतूरकडे वळायचं. मुंबईच्या गाड्यांना वर्ध्याजवळ येळाकेळीला चढता येते. टायर घासलेले नकोत, सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात ते फुटतात. ट्रॅक्टरला तिथे बंदीच आहे, म्हणजे कापूस आणायला समृद्धीचा उपयोग शून्य.

रेल्वेचा विचारही सोडा. अख्खा रेक (पूर्ण मालगाडी) अडीच हजार टनांच्या वर, तुम्ही रोज ३४ टन काढणार.

ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. १,३०० किलोमीटरचा माल असेल तर सात दिवस. गाडी वाटेत बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलाच्या पार्ट-बीमध्ये (गाडीच्या माहितीच्या भागात) नव्या गाडीचा नंबर चढवल्याशिवाय ती गाडी हलू देऊ नका. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. ड्रायव्हर ढाब्यावर झोपून राहिला आणि ते तास निघून गेले, की दंडाची नोटीस तुमच्याच नावाने येते.